उपग्रहाला माळरान का कळत नाही?

दर दोन वर्षांनी भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल येतो आणि दुसऱ्या दिवशी ठरलेली बातमी छापून येते: देशातलं हिरवं क्षेत्र वाढलं. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या अहवालानंतरही तेच झालं. वन आणि वृक्ष मिळून ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या २५.१७ टक्के. ते वाचून काही जण खूश झाले, तर काही जण ‘आकडे फुगवलेत’ म्हणून मोकळे झाले. हे मोजलं कसं, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी व्याख्या. एक हेक्टरपेक्षा जास्त जागा आणि तिच्यावर झाडांच्या माथ्यांचं छत्र किमान १० टक्के असलं, की ते झालं वनाच्छादन. जमीन कुणाची, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड कुठलं, याच्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे कोकणातली हापूसची बाग त्यात बसते, नारळाची वाडीही बसते. उलट वनखात्याच्या ताब्यातला, कागदोपत्री राखीव वन असलेला गवताळ माळ मात्र बाहेर राहतो. यात फसवाफसवी नाही. अहवालात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त बातमीच्या मथळ्यात ते मावत नाही. शिवाय १९८७च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर उमटतच नव्हता. आज एक हेक्टरचा उमटतो. तेव्हाच्या आणि आताच्या आकड्यांची थेट वजाबाकी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता उपग्रह. आपल्या रिसोर्ससॅट-२वरचा ‘लिस-३’ हा कॅमेरा जमिनीचे २३.५ मीटर बाजूचे चौकोन पाडतो. आपल्या हिशोबात एक चौकोन साधारण साडेपाच गुंठ्यांचा. त्या साडेपाच गुंठ्यांत दोन बाभळी, थोडं गवत, एक पायवाट आणि उघडा मुरूम असेल, तरी कॅमेऱ्याला या सगळ्याची मिळून एकच सरासरी मिळते. त्यावरून ‘इथे हिरवळ किती’ हे ठरवायचं. कसं? इथे मी जरा रेंगाळणार आहे.

हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळतं, हिरवा थोडाफार परततो, म्हणून पान हिरवं दिसतं. एवढं शाळेत झालंय. पण लाल रंगाच्या पलीकडे, ७०० नॅनोमीटरच्या पुढे, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. त्याच्या फोटॉनमध्ये हरितद्रव्याला उत्तेजित करण्याइतकी ऊर्जाच नसते, त्यामुळे हरितद्रव्य त्याला हात लावत नाही. तो सरळ पानाच्या आत शिरतो. पानाच्या खालच्या थरात पेशी ऐसपैस, वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. ओल्या पेशीभिंतीतून हवेत आणि हवेतून पुन्हा पेशीत जाताना प्रकाश दरवेळी वळतो, थोडा उलटा फिरतो. साबणाचं पाणी पारदर्शक, पण त्याचा फेस पांढराशुभ्र का दिसतो? कारण हेच: पाणी आणि हवा यांच्या असंख्य सीमा. अवरक्तात प्रत्येक ताजं पान म्हणजे असा फेस. शिरलेल्या प्रकाशापैकी निम्म्याच्या आसपास वर परततो, जवळजवळ उरलेला सगळा खालच्या पानावर पडतो, तिथूनही काही परततो. म्हणजे पानांचे थर जितके जास्त, तितकं अवरक्तात ते झगझगीत. आपल्या डोळ्यांना अवरक्त दिसत असतं, तर आंबोलीच्या जंगलाकडे भर दुपारी बघवलं नसतं.

पान सुकलं की याच्या उलट घडतं. हरितद्रव्य मोडतं, लाल प्रकाश परतायला लागतो. आतल्या पेशी कोसळतात आणि अवरक्ताचा झगझगाट ओसरतो.

   

मग शास्त्रज्ञांनी एक साधा गुणोत्तर-निर्देशांक काढला. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्या दोन्हींच्या बेरजेने भागायचं. भागाकारामुळे ऊन-सावलीचा फरक बराचसा कटतो. दाट झाडीतून लाल ४ टक्के आणि अवरक्त ४४ टक्के परतला, तर ४० भागिले ४८, म्हणजे ०.८३. पावसानंतरच्या हिरव्यागार गवतातून समजा ६ आणि ३६ परतले, तर ३० भागिले ४२, म्हणजे ०.७१. वाळल्या गवतातून २० आणि ३० परतले, तर फक्त ०.२.

पहिल्या दोन आकड्यांत अंतर किती थोडं आहे बघा. त्यातही एक मेख आहे. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पानांचं एकूण क्षेत्र तीनेक चौरस मीटर झालं, की लाल प्रकाश जवळपास संपलेलाच असतो. पुढे पानं दुप्पट झाली तरी निर्देशांक जागचा फारसा हलत नाही. म्हणून ऊस, घाणेरीचं रान आणि सदाहरित जंगल एकाच पंगतीत येऊन बसतात. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत मर्यादा सांगताना ऊस आणि घाणेरी यांची नावं घेतलेली आहेत. मग अशा जागा माणसाने डोळ्यांनी तपासून, प्रत्यक्ष जाऊन वेगळ्या कराव्या लागतात.

या सगळ्यात माळरान मार खातं. सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडच्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं जुलैत फुटतात, ऑक्टोबरपर्यंत हिरवी असतात आणि डिसेंबरात पिवळी पडतात. झाडं विरळ, म्हणून वनाच्छादनात गणती नाही. उन्हाळ्यातलं चित्र पाहिलं तर जमीन उजाड. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात तर विरळ झुडपी जमीन हा एक अधिकृत प्रकारच आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी २०२२मध्ये देशातल्या निमशुष्क मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे माळरानं, झुडपी रानं अशा जागांचा, नकाशा प्रसिद्ध केला. देशाच्या सुमारे दहा टक्के भूभागावर त्या आहेत, त्यांचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात आहे आणि एकूण दोन-तृतीयांशाहून जास्त भाग सरकारी नोंदीत पडीक आहे.

एकदा नकाशावर पडीक पडलं, की नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने ती जागा मोकळी. मग तिथे सौर प्रकल्प येतो, औद्योगिक वसाहत येते, नाहीतर ‘हरित’ करायचं म्हणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रोपं येतात. २०१९ साली आपल्या राज्याने ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला होता. एवढ्या झाडांना जागा हवी, आणि ती सावली नसलेलीच असणार. पण लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी यांना हीच उघडी जागा लागते, आणि धनगरांच्या मेंढ्यांनाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याला ज्याचं नाव आहे, तो माळढोकही असाच. माळ म्हणजे तोडलेलं जंगल, हा समजही आता टिकत नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५मध्ये जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत.

‘आता एआय आलंय, नकाशे आपोआप होतील’ असं ऐकू येतं. शिकवायला दिलेल्या नमुन्यातच माळाला पडीक म्हटलं असेल, तर एआय तीच चूक जास्त वेगाने करेल.

उपाय खरं तर जुनाच आहे. एका तारखेचा आकडा न घेता वर्षभराचा आलेख घ्यायचा. युरोपच्या सेंटिनेल-२ची जोडी दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या चौकोनात चित्र देते, तेही फुकट. गवताचा आलेख जुलैत उसळतो आणि डिसेंबरात कोसळतो. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरतो. सदाहरित जंगल बारा महिने वरच. पावसाळ्यात ढग आड येतात, तिथे ढगांतून आरपार पाहणारं रडार कामाला येतं. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या, नासा आणि इस्रोच्या निसार उपग्रहाच्या एका रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर आहे. एवढी लांब लहर पानं, गवत यांना फारशी जुमानत नाही. ती जाड फांद्या आणि बुंधे यांच्यावरून परतते. म्हणजे हिरवं किती आणि लाकूड किती, हे दोन प्रश्न वेगळे करता येतात.

इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर जमीनवापराचे आणि पडीक जमिनींचे थर कुणालाही उघडता येतात. आपल्या गावचं गायरान तिथे कुठल्या रंगात आहे ते बघा. मग सेंटिनेलचं ऑक्टोबरचं आणि एप्रिलचं अवरक्त चित्र शेजारी लावा. अशा चित्रात अवरक्ताला लाल रंग दिलेला असतो, म्हणून हिरवळ लाल दिसते, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळायला होईल. आपल्याकडच्या कोरडवाहू माळावर जो ठिपका एप्रिलमध्येही लालभडक असेल, तिथे बहुतेक वेळा विहिरीवरचा ऊस निघतो, नाहीतर वेडी बाभूळ.