रेपो दर उतरला, मग रोखे का पडले?

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने उधार देते तो दर, ६ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. बाजार पाव टक्क्याची वाट पाहत होता, मिळाला अर्धा. शेअर बाजार उसळला. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांनी मात्र उलटी वाट धरली. त्यांचा परताव्याचा दर, म्हणजे यील्ड, ऑगस्टअखेर साडेसहा टक्क्यांच्या वर होता. यील्ड चढले म्हणजे रोख्याची किंमत उतरली. ‘व्याजदर कमी झाले की रोखे वधारतात’ हे ऐकून कपातीनंतर गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, शिरलेले लोक बुचकळ्यात पडले.

रेपो हा एका रात्रीच्या उधारीचा दर. दहा वर्षांचा दर म्हणजे पुढच्या दहा वर्षांतल्या अशा अल्पमुदतीच्या दरांची अपेक्षित सरासरी, अधिक लांब मुदतीच्या जोखमीचा मोबदला. हा अंदाज आकड्यांतून चक्क वाचता येतो. समजा, एक वर्षाचा दर ६.५० आणि दोन वर्षांचा ६.२५ टक्के आहे. दोन वर्षांत १०० रुपयांचे १.०६२५ × १.०६२५ × १०० = ११२.८९ होतील. पहिल्या वर्षअखेर हातात १०६.५० असतील. ११२.८९ भागिले १०६.५० म्हणजे १.०६. थोडक्यात, जोखमीचा मोबदला बाजूला ठेवला तर, दुसऱ्या वर्षी दर ६ टक्के असेल, असे बाजार आजच धरून चालला आहे. उद्या तेवढीच कपात झाली तर किंमत जवळपास हलणार नाही, कारण ती आधीच हललेली असते. किंमत हलवतो तो अंदाज आणि घोषणा यांतला फरक.

जूनमध्ये हा फरक दोन दिशांनी आला. कपात दुप्पट होती, पण त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा ‘उदार’ऐवजी ‘तटस्थ’ झाला. बाजाराने अर्थ लावला की पुढच्या कपाती आताच उरकल्या. त्यामुळे आजचा दर उतरला, तरी उद्याच्या दरांचा अंदाज वर सरकला.

अंदाजाबाहेरची घोषणा काय करते, हे आधीही दिसले होते. ४ मे २०२२ला बैठक ठरलेली नसताना रेपो ०.४० टक्क्याने वाढला. ही वाढ कुणीच हिशेबात धरली नव्हती, आणि सेन्सेक्स त्या दिवशी सुमारे १,३०० अंशांनी कोसळला. पतधोरणाच्या आदल्या रात्री वाहिन्यांवर ‘कपात होणार का?’ म्हणून जे भविष्यकथन चालते, त्यात ‘किती कपात किमतीत धरली आहे?’ हा प्रश्नच नसतो. कुंडली मांडणारा निदान ग्रहांची स्थिती तरी विचारतो.

धक्का किती बसेल हे मुदत ठरवते. यील्ड ७ वरून ७.५ झाले, तर ७ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा १०० रुपयांचा रोखा ९६.५३वर येतो, तर ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाला, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जपत्राला, जेमतेम १२ पैशांचा फटका बसतो. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ छापलेले असते, म्हणजे यील्ड एक टक्का बदलले तर किंमत साधारण किती टक्के हलेल तो आकडा. ते ९ असेल, तर अर्धा टक्का यील्ड वाढल्यावर गुंतवणूक साधारण साडेचार टक्के घटते. वर्षभराचे बरेचसे व्याज त्यातच गेले.