असेंब्ली उघडते, पण तिच्यातले संबंध उघडत नाहीत

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये हे रोज घडतं. ग्राहक कॅटियावर काम करतो, आपल्याकडे सॉलिडवर्क्स; दोन्ही यंत्रांची त्रिमितीय डिझाइन करायची सॉफ्टवेअर. गिअरबॉक्सची असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल, ई-मेलने येते, उघडते, सगळे पार्ट जागच्या जागी दिसतात. पण शाफ्ट फिरवायला जावं तर तो एकतर हलतच नाही, किंवा गिअरला मागे ठेवून एकटाच फिरतो.

असेंब्ली फाइलमध्ये आकार फारसा नसतोच. तो वेगळ्या पार्ट फाइलींमध्ये असतो. म्हणून नुसती असेंब्लीची फाइल पाठवली, तर समोरच्याला गायब पार्टांची यादीच मिळते. असेंब्ली सांगते ते एवढंच: कोणता पार्ट, कुठे, किती अंशांनी वळवलेला, आणि कोणता पृष्ठभाग कशाला टेकलेला. यातलं शेवटचं, म्हणजे मेट्स, प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने लिहितं. दुसऱ्याला ते वाचता येत नाही. पार्ट कसा घडला, आधी एक्स्ट्रूड (सपाट आकृती ओढून ठोकळा), मग होल, मग फिलेट (कडेची गोलाई), हा इतिहासही तसाच मागे राहतो. हाती येतो तो मुका ठोकळा. भोकाचा व्यास 12 मिलिमीटरवरून 14 करायचा तर बदलायला आकडाच नसतो.

दोन सॉफ्टवेअरमधली सामाईक भाषा म्हणून 1980 साली अमेरिकेत आयजेस हे फाइलचं स्वरूप आलं. त्याचा भर रेषा आणि पृष्ठभागांवर होता. 1994 पासून स्टेप आलं, म्हणजे आयएसओ 10303. स्टेप फाइल नोटपॅडमध्ये जरूर उघडून बघा. प्रत्येक ओळीला क्रमांक आहे: एका ओळीत बिंदू, दुसरीत दिशा, पुढे कुठेतरी ‘हा पार्ट त्या असेंब्लीत इथे बसतो’ अशी नोंद. लांबीचं एकक मिलिमीटर की इंच, हेही तिथेच लिहिलेलं असतं. मला ही रचना फार आवडते, कारण यात काहीच लपवलेलं नाही.

तरीही आकार बिघडतो, आणि त्याचं मूळ गणितात आहे. दोन पृष्ठभाग एका कडेवर तंतोतंत जुळत नाहीत. किती फट चालवून घ्यायची हे सॉफ्टवेअरच्या आतलं भूमितीचं इंजिन ठरवतं. सॉलिडवर्क्स आणि सीमेन्सचं एनएक्स, दोघांचं इंजिन पॅरासॉलिड. त्याची मूळ अचूकता 0.00001 मिलिमीटर. ढिल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेली कड इथे उघडी ठरते, भरीव पार्टचं नुसतं कवच होतं, आणि वजन मोजताच येत नाही. उलट, दोन्हीकडे पॅरासॉलिड असेल तर स्टेपऐवजी पॅरासॉलिडचीच फाइल मागवावी. आकार भाषांतराविना येतो.

एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्याही एकमेकींना परक्या असू शकतात. एअरबस ए380 च्या वेळी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये कॅटियाची चौथी आवृत्ती होती, फ्रान्समधल्या तुलूजमध्ये पाचवी. विमानात सुमारे 530 किलोमीटर वायरिंग. एकीकडचे बदल दुसरीकडच्या मॉडेलमध्ये नीट उतरले नाहीत आणि जर्मनीहून आलेले हार्नेस, म्हणजे तारांचे बांधलेले जुडगे, जोडणीच्या वेळी बसेनात. विमान द्यायला जवळपास दोन वर्षं उशीर झाला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर 2007 मध्ये मिळालं.

म्हणून फाइलबरोबर ग्राहकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पार्टची संख्या, एकूण घनफळ आणि लांबी-रुंदी-उंची. घनफळ जुळलं नाही तर कवच झालेला पार्ट शोधायचा. लांबी 25.4 पटीने चुकली तर एकक (इंच की मिलिमीटर) बघायचं. हे झाल्यावरच मेट्स नव्याने लावायला बसायचं, आणि तेही फक्त जे पार्ट खरोखर हलतात त्यांचे.