एम.एस्सी. नर्सिंग आणि नर्स प्रॅक्टिशनर: दोन्ही पदव्युत्तर, पण वाटा वेगळ्या

बी.एस्सी. नर्सिंग करून इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत ड्युटी करणाऱ्या मराठी घरांतल्या मुली पुढे शिकायचे ठरवतात, तेव्हा दोन अभ्यासक्रमांची हमखास गल्लत होते: वैद्यकीय-शल्य शाखेतील नेहमीचे एम.एस्सी. नर्सिंग आणि नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, म्हणजे अतिदक्षता विभागातील प्रगत परिचर्येचा अभ्यासक्रम. दोन्ही दोन वर्षांचे आहेत आणि दोन्हींसाठी राज्याच्या परिचर्या (नर्सिंग) परिषदेची नोंदणी व कामाचा अनुभव लागतो. म्हणून ‘सारखेच आहे, जिथे जागा मिळेल तिथे घे’ असा सल्ला वरिष्ठ सिस्टरही देतात. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते.

नेहमीच्या एम.एस्सी.त पाच विशेष शाखा असतात. शाखेच्या विषयाबरोबर परिचर्या शिक्षण, संशोधन व संख्याशास्त्र, व्यवस्थापन आणि प्रबंध यांना मोठे स्थान असते. वॉर्डातील पोस्टिंग असतेच, तरी या पदवीनंतरची रुळलेली वाट नर्सिंग कॉलेजमधील अध्यापनाकडे जाते. ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने साधारण 2016-17 पासून आणलेला नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम मात्र रेसिडेन्सी स्वरूपाचा, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम करत शिकण्याचा आहे. प्रगत विकृतिशास्त्र (आजारात शरीरात काय बिघडते याचा अभ्यास), औषधशास्त्र आणि शारीरिक तपासणी हा त्याचा पाया, आणि बहुतांश वेळ रुग्णाच्या खाटेजवळ जातो. फरक कुठे पडतो ते एका रुग्णावरून पाहू. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाचा सरासरी रक्तदाब 65 च्या वर राखायचा आहे आणि रात्री तो 58 वर आला. स्टाफ नर्स डॉक्टरांना कळवते व आदेशाप्रमाणे औषध वाढवते. नर्स प्रॅक्टिशनरकडून अपेक्षा अशी की तिने स्वतः रुग्ण तपासावा, रक्तवायू आणि लॅक्टेट या रक्ततपासण्या पाहाव्यात, रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलच्या मर्यादेत नॉरॲड्रेनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा वेग बदलावा, इन्टेन्सिव्हिस्टना (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) कळवावे आणि आपला निर्णय कारणासह नोंदवावा. निर्णयाची ही जबाबदारी म्हणजेच या अभ्यासक्रमाचा गाभा.

अमेरिकेत 1965 मध्ये कोलोरॅडो येथे सुरू झालेली ही भूमिका आज तिथे औषधे लिहून देण्याच्या अधिकारापर्यंत पोचली आहे, त्यामुळे आपल्याकडेही तसेच असेल असे अनेकींना वाटते. भारतात क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनरला स्वतःच्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही. तिचे अधिकार संस्थेचा प्रोटोकॉल ठरवतो. म्हणूनच पदवी एकच असूनही एका रुग्णालयात तिला खरे काम मिळते, तर दुसरीकडे ती त्याच रोस्टरवर, त्याच पगारात स्टाफ नर्स म्हणून परतते. मला यातला खरा अन्याय हाच वाटतो: शिक्षण आधी आले, पदे मात्र बहुतेक ठिकाणी निर्माणच झाली नाहीत.

तेव्हा जिला शिकवायचे आहे तिने नि:शंकपणे नेहमीचे एम.एस्सी. करावे. जिचा जीव आयसीयूत रमतो तिने संस्थेला प्रवेशाआधीच लेखी विचारावे: पूर्णवेळ इन्टेन्सिव्हिस्ट आहेत का, प्रोटोकॉल सहीनिशी लागू आहेत का, उत्तीर्ण झाल्यावर या नावाचे पद आणि वेतन मिळेल का. भोपाळच्या राज्य परिचर्या परिषदेत ही पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवली जाईल का, याची चौकशीही फी भरण्यापूर्वीच करावी.