भूजलातील सूक्ष्मजीवांचे कार्बनस्रोत

भूपृष्ठाखालील मुरूम, गाळ व कातळ यांच्या पोकळ्यांत आणि भेगांत साठलेल्या पाण्यात राहणारे जिवाणू, आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण त्यांहून वेगळ्या गटाचे एकपेशीय जीव), कवके व आदिजीव ज्या पदार्थांतील कार्बन घेऊन आपली पेशीद्रव्ये घडवतात, त्या पदार्थांचा विचार या नोंदीत केला आहे. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नसल्याने प्रकाशसंश्लेषण होत नाही. त्यामुळे कार्बन एकतर तयार सेंद्रिय रूपात बाहेरून यावा लागतो, किंवा पाण्यातील कार्बन डायऑक्साइड व बायकार्बोनेट यांपासून तो जागेवरच सेंद्रिय रूपात आणावा लागतो. पहिल्या मार्गाने जगणारे सूक्ष्मजीव परपोषी आणि दुसऱ्या मार्गाने जगणारे स्वयंपोषी होत; परिस्थितीनुसार दोन्ही मार्ग वापरणारेही पुष्कळ आहेत. परपोषी सूक्ष्मजीवांना एकाच सेंद्रिय पदार्थातून बहुधा कार्बन व ऊर्जा दोन्ही मिळतात. स्वयंपोषींच्या बाबतीत कार्बन बायकार्बोनेटातून, तर ऊर्जा हायड्रोजन, अमोनियम, फेरस लोह किंवा गंधकाची संयुगे यांतून येते. हा भेद नीट न पाळल्याने या विषयावरील चर्चेत बराच गोंधळ झालेला दिसतो.

भूजलात विरघळलेला सेंद्रिय कार्बन सामान्यतः फार थोडा असतो. अमेरिकेतील २७ राज्यांतून घेतलेल्या १०० नमुन्यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे मध्यक मूल्य दर लिटरला ०.७ मिलिग्रॅम आले होते. दलदलीच्या, पीटयुक्त (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर असलेल्या) किंवा प्रदूषित भागांत हे प्रमाण अनेक पटींनी वाढते. तथापि एकूण प्रमाणावरून उपासमारीचा अंदाज बांधणे योग्य नाही, कारण या कार्बनाचा मोठा भाग ह्यूमिक स्वरूपाच्या, म्हणजे वनस्पती कुजून उरलेल्या, गुंतागुंतीच्या रेणूंत अडकलेला असतो आणि तो जिवाणूंना सहज पचत नाही. पचणारा अंश मोजण्यासाठी नेदरलँड्समध्ये व्हॅन डर कॉय यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एक जैविक कसोटी रूढ केली. तीत स्यूडोमोनस फ्लुओरेसन्स या जिवाणूचा पी-१७ हा वाण पाण्यात वाढवून त्याच्या कमाल संख्येवरून पचनीय कार्बन ठरवतात. क्लोरीन न घातलेल्या नळाच्या पाण्यात हे मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल, तर परपोषी जिवाणूंची वाढ नगण्य राहते असे या कामातून पुढे आले. भूजलाच्या संदर्भातही ‘किती’पेक्षा ‘कोणत्या प्रकारचा’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे.

उथळ जलधरांत (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांच्या व गाळाच्या थरांत) येणाऱ्या कार्बनाचा मुख्य पुरवठा मृदेतून होतो. पालापाचोळा व मुळांचे स्राव यांपासून सुटलेले पदार्थ पाझरत्या पाण्याबरोबर खाली उतरतात. वाटेत मृदेतील जिवाणू त्यांपैकी सहज पचणारा भाग आधीच संपवतात आणि उरलेल्यापैकी बराच भाग चिकणमाती व लोहाची ऑक्साइडे यांच्या पृष्ठांवर धरला जातो. जेथे मृदेचा थर जाड असतो तेथे ही गाळणी परिणामकारक ठरते. मात्र भेगाळ कातळात पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी मृदेला वळसा घालून थेट खाली जाऊ शकते, आणि त्याबरोबर ताजा कार्बनही जातो.

दुसरा पुरवठा गाळाच्या थरांतच पुरलेल्या जुन्या सेंद्रिय द्रव्याचा. वाळूच्या पाणीदार थरात असे द्रव्य अत्यल्प असले, तरी शेजारच्या चिकणमातीच्या थरात ते असते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी मैदानावरील नमुन्यांवरून मॅकमहोन व शॅपेल यांनी १९९१ मध्ये असे दाखवले की, चिकणमातीत किण्वनाने ॲसिटेट, फॉर्मेट यांसारखी सेंद्रिय अम्ले तयार होतात, ती विसरणाने वाळूच्या थरात येतात आणि तेथील सल्फेट व लोह यांचे क्षपण (ऑक्सिडनाच्या उलट क्रिया) करणाऱ्या जिवाणूंचे पोषण करतात. ज्या थराला अपार्य, म्हणजे पाणी पार जाऊ न देणारा, म्हणून आपण हिशेबातून वगळतो, तोच जलधराचे कोठार असू शकतो, हे या कामाचे महत्त्व आहे.

स्वयंपोषी पुरवठ्याचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त आहे आणि बेसाल्टी प्रदेशात राहणाऱ्यांना तो जवळचा वाटावा असा आहे. खोल खडकांतील सूक्ष्मजीवांचा शोध निदान १९२६ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातील एडसन बॅस्टिन यांनी तेलक्षेत्रातील पाण्यात सल्फेट क्षपणकारी जिवाणू असल्याचे प्रसिद्ध केले. तेथे अन्न म्हणून खनिज तेल पुरत असल्याने कार्बनाचा प्रश्न तीव्रपणे उभा राहिला नाही. तो उभा राहिला १९९५ मध्ये. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या बेसाल्टातील खोल विहिरींत स्टीव्हन्स व मॅकिन्ली यांना हायड्रोजनावर जगणारे मिथेनजनक व अन्य स्वयंपोषी सूक्ष्मजीव मिळाले. बेसाल्टातील फेरस खनिजांची पाण्याशी विक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, त्याच्या बळावर हे सूक्ष्मजीव बायकार्बोनेटापासून सेंद्रिय द्रव्य बनवतात, आणि म्हणून ही जीवसंहती सूर्यप्रकाशावर अवलंबून नाही, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. बेसाल्टाची पूड पाण्यात ठेवली असता हायड्रोजन सुटतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले होते.

यावर १९९८ मध्ये अँडरसन, शॅपेल व लव्हली यांनी आक्षेप घेतला. प्रयोगातील पाणी अम्लधर्मी राखले होते, तर प्रत्यक्ष बेसाल्टातील पाणी अल्कधर्मी असते. त्या स्थितीत हायड्रोजन सुटत नाही, आणि ताज्या फोडलेल्या पृष्ठांवर जे काही सुटते तेही टिकून राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे शॅपेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००२ मध्ये आयडाहोमधील लिडी उष्ण झऱ्यांखालच्या पाण्यात ९० टक्क्यांहून अधिक आर्किया असलेली, हायड्रोजन वापरणाऱ्या मिथेनजनकांची जीवसंहती नोंदवली; तेथील हायड्रोजन मात्र भूऔष्णिक उगमाचा मानला जातो. दोन्ही बाजू तपासता, हायड्रोजनावर चालणारी जीवसंहती अस्तित्वात असू शकते हे मान्य करावे लागते, परंतु थंड बेसाल्टात ती सार्वत्रिक असल्याचे अनुमान पुराव्यापलीकडे जाते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय कोलंबियाच्या लाव्हाप्रवाहांच्या मध्ये गाळाचे थर आहेत आणि त्यांतून येणाऱ्या सेंद्रिय कार्बनाचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

हायड्रोजनाखेरीज इतर ऊर्जेवरही कार्बन स्थिर होतो. जर्मनीतील हाइनिश भागातील चुनखडकी जलधरात किरणोत्सर्गी बायकार्बोनेट वापरून केलेल्या मापनांत (२०२२) कार्बन स्थिरीकरणाचा वेग पोषकद्रव्ये कमी असलेल्या सागरपृष्ठाच्या पाण्यातील वेगाच्या जवळपास आढळला. अशा मापनांचा अर्थ लावताना परपोषी जिवाणूही आपल्या पेशीकार्बनापैकी काही टक्के कार्बन डायऑक्साइडातून घेतात, हे वजा करावे लागते.

कार्बनाचा उगम ठरवण्याचे प्रमुख साधन म्हणजे कार्बन–१४ समस्थानिक, म्हणजे काळाबरोबर क्षय पावणारे आणि म्हणून वय सांगणारे कार्बनाचे रूप. परंतु चुनखडक विरघळून आलेल्या बायकार्बोनेटात हा समस्थानिक नसतो. त्यामुळे आज जिवंत असलेला स्वयंपोषी जिवाणूही या कसोटीवर हजारो वर्षे जुना भासू शकतो. साधनाच्या उपयोगाचे आणि मर्यादेचे सर्वांत परिचित उदाहरण गंगा-ब्रह्मपुत्रा त्रिभुज प्रदेशातील आर्सेनिकाचे आहे. तेथे लोहाच्या ऑक्साइडांचे क्षपण करणारे जिवाणू आर्सेनिक पाण्यात मोकळे करतात. त्यांना लागणारा कार्बन पुरलेल्या पीटमधून येतो, सिंचनाच्या उपशामुळे वरून खाली ओढला जातो, की गावोगावच्या तळ्यांतून पाझरतो, यावर २००१ पासून दीर्घ वाद झाला. बांगलादेशात भूजलातील जिवाणूंचाच डीएनए वेगळा करून त्याचे कार्बन–१४ वय काढले असता (२०१३) ते आजूबाजूच्या गाळातील सेंद्रिय द्रव्याच्या वयापेक्षा कमी भरले. म्हणजे निदान अभ्यासलेल्या ठिकाणी तरी अन्न पृष्ठभागावरून येते. तळ्यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.

मुंबईचा पाया दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा आहे. या खडकांचे वय सर्वसाधारणपणे ६.६ कोटी वर्षांच्या आसपास धरतात. मुंबईतील काही खडक त्याहून थोडे अलीकडचे असावेत. भूजल मुख्यतः मुरमाच्या थरात, सांध्यांत व भेगांत असते, आणि जून ते सप्टेंबरमधील दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाने ते भरते. वरळी व मलबार हिल भागांत लाव्हाप्रवाहांच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेले शेलचे थर आहेत. त्यांतील बेडूक व कासव यांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत, आणि काही थर वनस्पतींच्या अवशेषांमुळे कार्बनयुक्त आहेत. ‘बेसाल्ट म्हणजे सेंद्रिय कार्बनविरहित खडक’ हे गृहीतक त्यामुळे मुंबईपुरते तरी सरसकट लागू करता येत नाही. कोयना परिसरात १९६७ च्या भूकंपाच्या संदर्भात हाती घेतलेल्या खोल विंधनांतील बेसाल्ट व त्याखालील ग्रॅनाइट यांच्या नमुन्यांवर खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी काम केले असून त्यांत कार्बन स्थिरीकरणाशी निगडित जनुके असलेले सूक्ष्मजीव आढळले आहेत. छिद्र पाडताना वापरलेल्या विंधनद्रवाबरोबर वरचे जिवाणू व सेंद्रिय द्रव्य नमुन्यात मिसळण्याचा धोका अशा प्रत्येक कामात असतो; तसेच जनुक आढळले म्हणजे ती क्रिया तेथे चालू आहेच, असे होत नाही.

उथळ पाण्यात मात्र शहराचा स्वतःचा कार्बन वरचढ ठरतो. गळक्या सांडपाणी-वाहिन्या, भराव घातलेल्या जमिनीखालचा खाडीचा काळा गाळ, खारफुटीचे कुजणारे अवशेष आणि देवनारसारख्या, १९२७ पासून वापरात असलेल्या कचराभूमीतून पाझरणारा द्रव ही त्याची ठळक उगमस्थाने होत. अशा पाण्यात प्राणवायू लवकर संपतो, मग जिवाणू श्वसनासाठी त्याच्याऐवजी क्रमाने नायट्रेट, मँगॅनीज व लोह वापरू लागतात. बोअरवेलचे पाणी उपसताना स्वच्छ आणि बादलीत थोडा वेळ ठेवल्यावर तांबूस होते, ते याच टप्प्यावर विरघळलेले लोह हवेने पुन्हा ऑक्सिडित झाल्यामुळे. समुद्रालगत खारे पाणी शिरलेले असल्यास सल्फेट भरपूर मिळते, कारण सागरजलात ते लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम असते; त्याच्या क्षपणातून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन विहिरीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो.

बेंझीन, टोल्यूइन यांसारखी पेट्रोलातील संयुगेही कार्बनस्रोत म्हणून वापरली जातात. अमेरिकेतील बेमिजी येथे १९७९ मध्ये फुटलेल्या तेलवाहिनीखालच्या जलधरात प्राणवायूशिवाय, लोहाच्या साहाय्याने त्यांचे विघटन होत असल्याचे दिसून आले. याच तत्त्वावर नायट्रेट किंवा क्लोरीनयुक्त द्रावके काढण्यासाठी जलधरात काकवी, लॅक्टेट वा वनस्पती तेलाचे पायस (पाण्यात तेलाचे बारीक थेंब असलेले मिश्रण) मुद्दाम सोडतात. मात्रा जास्त झाल्यास जिवाणूंच्या थराने विहिरीभोवतीची छिद्रे बुजतात, मिथेन तयार होतो आणि खडकातील लोह व आर्सेनिक पाण्यात उतरू शकतात. म्हणून कार्बन थोडाथोडा आणि विरघळलेल्या लोहाचे मोजमाप ठेवून सोडतात.