आडनावं मरतात, मग गार्सिया का टिकतं?

अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत 'गार्सिया' या स्पॅनिश आडनावाची 8,58,289 माणसं होती, क्रमांक आठवा. 2010 मध्ये ती 11,66,120 झाली आणि क्रमांक सहावा. मेक्सिको आणि इतर देशांतून झालेलं स्थलांतर हे त्याचं मोठं कारण. खुद्द स्पेनमध्ये तर दर शंभरात साधारण तिघांचं पहिलं आडनाव हेच असतं. एवढं मोठं नाव म्हटलं की 'गार्सिया घराण्याची' चिन्हं आणि वंशावळ विकणारी दुकानं आलीच. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत, कारण असं एक घराणं कधी नव्हतंच.

गार्सिया हे मुळात पुरुषाचं नाव. दहाव्या शतकात आजच्या उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना राज्याच्या गादीवर गार्सिया सांचेझ हा राजा होता. 1563 मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, त्याचंही हे नावच, आडनाव नव्हे. बापाचं नाव पुढे मुलांचं आडनाव होत गेलं, आणि गावोगावच्या अशा गार्सियांमुळे हे आडनाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे रुजलं.

यानं काय फरक पडतो, ते गणितात दिसतं आणि मला ते फार आवडतं. 1873 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी प्रश्न विचारला: आडनावं नामशेष का होतात? गणिती हेन्री वॉटसन यांनी त्यावर जी रीत काढली ती अशी. समजा, एका पुरुषाला मुलगाच न होण्याची शक्यता 1/4, एक होण्याची 1/2, दोन होण्याची 1/4. सरासरी बरोबर 1. एका पुरुषाची शाखा ठरावीक पिढ्यांत संपण्याची शक्यता q धरा. दोन मुलगे असतील तर दोन्ही शाखा संपायला हव्यात, म्हणजे q². म्हणून आणखी एक पिढी धरली की ही शक्यता 1/4 + q/2 + q²/4 होते. शून्यापासून सुरू करून हेच पुन्हा पुन्हा करत गेलं, की पहिल्या पिढीअखेर 0.25, दुसऱ्या 0.39, तिसऱ्या 0.48, दहाव्या 0.74. पुढे ती 1 कडेच सरकत राहते. कुणाचं काही चुकलं नाही, रोगराई नाही, कुणाचा शापही नाही. तरी दहा पिढ्यांत चारपैकी तीन शाखा गेल्या.

आता सुरुवातच एकमेकांशी नातं नसलेल्या 100 घरांपासून झाली असेल, तर दहा पिढ्यांत सगळीच संपण्याची शक्यता 0.74 चा शंभरावा घात. म्हणजे दहा लाख कोटींत एक! म्हणून गार्सिया टिकतं. आणि म्हणूनच दोन गार्सियांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र स्पेनमध्ये तपासलं, तेव्हा दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत ते पुष्कळदा जुळलं. सर्रास आढळणाऱ्या आडनावांत फारसं नाही.

कधी कधी तर आडनाव थेट सरकारी वहीतून येतं. 1849 मध्ये फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरिया यानं आडनावांची यादीच गावोगाव पाठवली; काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली. ओआस गावात आजही 'र' अक्षरानं सुरू होणाऱ्या आडनावांची गर्दी आहे. गोव्यातले फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज हे बहुतेक बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेल्या नावांचे वारस, पोर्तुगीज रक्ताचे नव्हेत.

स्पेनमध्ये मुलाला आई-वडील दोघांचंही आडनाव मिळतं, पण पुढच्या पिढीत सहसा पहिलंच पोचतं. आधी ते आपोआप वडिलांचं धरलं जाई; 2017 पासून कोणतं पहिलं ठेवायचं हे आई-वडिलांनी मिळून ठरवायचं असतं. आईचं दुर्मीळ आडनाव मुद्दाम पुढे ठेवणारी जोडपी वाढली, तर ती आडनावं पुढे नेणाऱ्या मुलांची सरासरी वाढेल आणि गार्सियाची थोडी घसरेल.