अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्ती

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजेच आयसीएमआर, एमबीबीएस व बीडीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी ही वृत्ती देते. वैद्यकीय महाविद्यालयांत ती ‘एसटीएस’ (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. परिषदेची स्थापना 1911 मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने झाली व 1949 मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. वृत्तीचा आरंभ सामान्यतः 1979 च्या सुमाराचा मानला जातो.

विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव तयार करावयाचा असतो. परीक्षण निःपक्षपाती व्हावे म्हणून प्रस्तावाच्या मजकुरात विद्यार्थी, मार्गदर्शक वा महाविद्यालय यांची ओळख पटेल असे काही लिहिता येत नाही. वृत्तीची रक्कम पूर्वी दीर्घकाळ 20,000 रुपये होती. अलीकडे ती 50,000 रुपये करण्यात आली. प्रस्ताव निवडला गेल्याने ती लगेच हाती पडत नाही, कारण अंतिम अहवाल मान्य झाल्यानंतरच रक्कम व प्रमाणपत्र दिले जाते.

विद्यार्थ्यांची खरी कसोटी बहुधा नैतिक समितीच्या, म्हणजे संशोधनातील सहभागींचे हित जपले जाते की नाही हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीत लागते. परिषदेच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी सहभागाच्या संशोधनाचे परीक्षण जोखमीच्या प्रमाणात तीन प्रकारे होते: परीक्षणातून सूट, शीघ्र परीक्षण किंवा पूर्ण समितीपुढील परीक्षण. पूर्ण समितीच्या बैठकीस किमान पाच सदस्यांची गणपूर्ती लागते. बैठक लांबली की दोन महिन्यांच्या कामाचे वेळापत्रक कोलमडते. रुग्णांचे नमुने घ्यावयाचे असतील, तर ही अडचण अधिक जाणवते. प्रश्नावलीवर आधारलेल्या ज्ञान, दृष्टिकोन व आचरण यांच्या पाहण्यांकडे विद्यार्थी वळतात त्यामागे विषयाच्या आवडीपेक्षा हे कारण अधिक असावे.

वृत्तीच्या फलिताविषयी मतभेद आहेत. पुण्याचे विकृतिशास्त्रज्ञ माधव देव यांनी 2008 मधील एका लेखात वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचा संशोधनातील सहभाग अत्यल्प असल्याकडे लक्ष वेधले होते. काही अभ्यासक प्रकाशित निबंधांच्या संख्येवरून उपक्रमाचे मोल ठरवितात. तथापि परिषदेचा घोषित हेतू विद्यार्थ्यांत संशोधनाची आवड व क्षमता निर्माण करण्याचा असल्याने, प्रश्न मांडणे, नमुनासंख्या ठरविणे व सहभागींची संमती घेणे या सवयी लागल्या की नाही, हा निकष अधिक ग्राह्य वाटतो. अहवाल प्रसिद्ध न झालेला विद्यार्थीही त्या शिकलेला असू शकतो, आणि निबंधावर नाव असलेला प्रत्येकजण त्या शिकलेला असेलच असे नाही.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ही वृत्ती उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी बंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी अधिछात्रवृत्ती आहे. परिषदेच्या महाराष्ट्रातील संस्थांमध्ये पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था यांचा समावेश होतो. पहिलीची सुरुवात 1952 मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने झाली, तर दुसरी परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे.