काम कमी असलं तरी वैताग का येतो

मार्च एंडला सांगलीतल्या कुठल्याही बँकेत नाहीतर पतसंस्थेत जाऊन बघा, माणसं रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात, व्हाउचरचे ढीग पडलेले असतात, पण त्यांना विचारलं तर ती कामाबद्दल फार काही बोलत नाहीत. बोलतात ते सर्व्हर डाऊनबद्दल. पाच मिनिटं चालला, मग बंद, एंट्री अर्धवट, परत पासवर्ड टाका, समोर गिऱ्हाईक उभं. त्या वेळात खरंतर काम काहीच नसतं, नुसतं स्क्रीनकडं बघत बसायचं असतं, तरी माणूस घरी जातो तो पार पिळून निघालेला.

म्हणजे दमणं वेगळं आणि वैतागणं वेगळं. ऊस तोडून माणूस दमतो, रात्री गाढ झोपतो. वैतागलेला माणूस मात्र रात्री दीड वाजता पंख्याकडं बघत साहेबांशी मनातल्या मनात भांडत असतो.

वैतागाची सुरुवात अपेक्षेपासून होते हे आपण ऐकून असतो, पण मेंदूत ते कसं घडतं हे फार छान दिसलंय. वुल्फ्रॅम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानी स्वित्झर्लंडमधे माकडांवर प्रयोग केले, त्यातला १९९७ चा पेपर खूप गाजला. माकडाला दिवा दिसायचा आणि थोड्या वेळानं तोंडात ज्यूसचा थेंब यायचा. आधी ज्यूस मिळाल्यावर मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. मग माकड शिकलं की दिव्यानंतर ज्यूस येतोय, तेव्हा त्या पेशी दिव्यालाच उसळायला लागल्या आणि ज्यूस आला तरी गप्प, कारण त्यात नवीन काही उरलं नव्हतं. आणि एखाद्या वेळी दिवा लावून ज्यूस दिलाच नाही, तर ज्यूस यायची जी नेमकी वेळ होती त्या क्षणाला त्या पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचं. बघा म्हणजे, माकडाकडून कुणी काही काढून घेतलं नव्हतं, फक्त जे येणार होतं ते आलं नव्हतं. माकडाचं माणसाला जसंच्या तसं लावू नये हे मान्य, पण साडेपाचला सुटायच्या तयारीत असताना पाच पंचवीसला साहेब "जरा ती फाइल बघा हो" म्हणतात तेव्हा जे वाटतं, तेच काम सकाळी अकराला सांगितलं असतं तर वाटलं नसतं, याचं उत्तर थोडंफार इथं सापडतं.

मग पुढं काय होतं? तर माणूस चेकाळतो. १९५२ मधे अब्राम ॲम्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानी भुकेल्या उंदरांना लागोपाठ दोन बोळांतून पळवलं, पहिल्या बोळाच्या शेवटी खायला आणि दुसऱ्याच्या शेवटी पण खायला. सवय झाल्यावर पहिल्या ठिकाणचं खाणं अधूनमधून गायब करायला लागले. ज्या वेळी खाणं मिळायचं नाही त्या वेळी उंदीर दुसऱ्या बोळात जास्त जोरात पळायचे. म्हणजे वैतागात ताकद असते, ती कुठंतरी बाहेर पडायला बघते. एंटर बटण चार वेळा दाबणं, ड्रॉवर आपटणं, घरी येऊन पोरावर ओरडणं, सगळं त्यातलंच.

इथं आपल्याकडं एक पक्की समजूत आहे की मनातलं बाहेर काढून टाकलं की बरं वाटतं. ऑफिस सुटल्यावर विश्रामबागला चहाच्या गाड्यावर उभं राहून तासभर साहेबाचा उद्धार करायचा, की मोकळं. मला पण हे पटत होतं, कारण त्यावेळी बरं वाटतं हे खरंच आहे. पण ब्रॅड बुशमन यांनी २००२ मधे ६०० कॉलेजच्या पोरापोरींवर जो प्रयोग केला त्यात उलटंच निघालं. त्यांच्या निबंधावर मुद्दाम अपमानकारक शेरे मारून त्यांना आधी चिडवलं, मग काही जणांना पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं ज्यानं शेरा मारला त्याला डोळ्यासमोर आणून ठोसे मारा. काहींना सांगितलं व्यायाम म्हणून मारा. आणि काही जण दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त चिडलेले कोण राहिले, तर त्या माणसाला आठवून ठोसे मारणारे. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक निघाले. २०२४ मधे त्यांनीच एका सहकारी संशोधिकेबरोबर १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हाच सूर, शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, जसं की सावकाश श्वास, ध्यान, योगासनं, स्नायू सैल सोडणं. पळायला जाऊन मात्र राग कमी होईलच असं नाही, उलट वाढू पण शकतो. (तब्येतीसाठी जरूर पळा, तो विषय वेगळा.)

मित्रांशी बोलूच नये असं नाही हो. बोलण्यात फरक असतो. तीच तीच गोष्ट रोज नवीन फोडणी देऊन सांगणं वेगळं आणि "मला अपमान वाटला", "मला भीती वाटतेय की बदली होईल" असं नेमकं नाव देणं वेगळं. २००७ मधे मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमनी मेंदूचं स्कॅनिंग करताना लोकांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवले, त्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटीची हालचाल कमी झाली. गाड्यावरच्या गप्पात हे क्वचितच होतं, तिथं नाव फक्त साहेबालाच ठेवलं जातं.

आता खरा मुद्दा. वैताग आला, गेला, इथवर ठीक आहे, सगळ्यांनाच येतो. पण काही जण वर्षानुवर्षं त्यातच राहतात आणि हळूहळू गप्प होतात, "आपल्या म्हणण्यानं काय होणाराय" म्हणतात. याच्यावर १९६७ मधे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचा कुत्र्यांवरचा प्रयोग आहे, वाचायला वाईट वाटतं पण सांगायलाच पाहिजे. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे आणि समोरची पट्टी दाबली की थांबायचे. दुसऱ्या कुत्र्यांना तेवढेच, त्याच वेळी झटके, पण त्यांच्या पट्टीनं काहीच व्हायचं नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथं मधलं छोटं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटानं उडी मारली, दुसऱ्यातले बरेचसे तिथंच पडून राहिले. त्यावरून तेव्हा म्हणाले की असहायपणा शिकला जातो, आणि पुढं कित्येक वर्षं पुस्तकांतून तेच शिकवलं गेलं.

पण या दोघांनीच २०१६ मधे आपला सिद्धांत जवळजवळ उलटा केला, आणि ही गोष्ट मला त्या मूळ प्रयोगापेक्षा जास्त आवडते. मधल्या काळात मायर यांनी उंदरांच्या मेंदूत खोल जाऊन बघितलं. तेव्हा असं दिसलं की त्रास लांबला की गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळचाच स्वभाव आहे, तो शिकायला लागत नाही. शिकायला लागतं ते उलटं, की "माझ्या करण्यानं फरक पडतो". मेंदूच्या पुढच्या भागाला हे कळलं की तो खालच्या त्या गप्प करणाऱ्या केंद्राला दाबून धरतो, आणि हे एकदा शिकलेला उंदीर पुढच्या वेळी अगदी हाताबाहेरच्या त्रासात पण लवकर कोलमडत नाही. थोडक्यात काय, ज्या माणसाला कामात कधी काही ठरवताच आलं नाही त्याला "निगेटिव्ह आहे" म्हणून हिणवण्यात अर्थ नाही, फरक पडतो हे बघायची संधीच त्याला मिळालेली नसते.

आणि हे नुसतं मनापुरतं राहत नाही. लंडनमधे १९६७ पासून १७ हजारांहून जास्त सरकारी नोकरदार पुरुषांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात त्याला, त्यातून मायकेल मार्मट यांचं नाव जगभर झालं. आपल्याला वाटतं हार्ट अटॅक मोठ्या साहेबांना येतो, टेन्शन त्यांना ना. निघालं उलटं, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या शिपाई-दरवान लोकांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिप्पट होतं. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं धरूनही तो फरक पूर्ण समजत नव्हता. मग १९८५ मधे दुसरा अभ्यास सुरू झाला, यावेळी बायकाही होत्या, एकूण १० हजार ३०८ लोक, आणि त्यात ज्यांच्या कामावर त्यांचा स्वतःचा ताबा कमी होता त्यांना हृदयाचा धोका जास्त दिसला. साहेबाला टेन्शन असतं, पण मीटिंग कधी घ्यायची हे तोच ठरवतो.

बरं, मग समाधान कशात असतं? पगारात, असं पटकन तोंडात येतं, आणि पगार वेळेवर न मिळणाऱ्याला दुसरं काही सांगूच नये. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मधे अमेरिकेतल्या इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून असं मांडलं की पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून खूश होतोच असं नाही, खुशी येते ती काम जमल्यातून, कौतुकातून, जबाबदारीतून. यावर टीका पण झाली, की चांगलं झालं तर मी केलं आणि वाईट झालं तर कंपनीनं केलं असं माणूस सांगणारच ना! टीका रास्त आहे, पण नाराजी जाणं आणि समाधान येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

पुढं १९७० च्या दशकात हॅकमन आणि ओल्डम यांनी समाधान देणाऱ्या कामाचे गुण शोधले. पुस्तकात ते कोरडे वाटतात, त्यापेक्षा मिरजेत सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराशेजारी बसून बघावं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात बरंच आलं होतं. पंढरपूरकडून आलेला भोपळा, त्याला दांडी जोडायची, नक्षी, पॉलिश, तारा, आणि शेवटी जवारी, म्हणजे सुराला गुंजारव यावा म्हणून करायचं बारीक काम. जवारी लावताना घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग कानसीनं हलका घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. आता यात काय काय आलं बघा. हात, डोळे, कान सगळं लागतं. भोपळ्यापासून वाद्यापर्यंत वस्तू पूर्ण होताना डोळ्यासमोर दिसते. किती घासायचं हे कारागीरच ठरवतो, मॅनेजर नाही. कुठला तरी गवई ते मांडीवर घेणार हे माहीत असतं. आणि बरोबर झालं की चुकलं हे तार लगेच सांगते, वर्षाच्या शेवटी अप्रेझलच्या फॉर्ममधे नाही. कौशल्याची विविधता, कामाची पूर्णता, महत्त्व, स्वायत्तता आणि लगेच मिळणारा प्रतिसाद, हेच ते पाच गुण. कारागिरी म्हणजे सगळं सुखाचं असं म्हणत नाहीये मी, पैशाची ओढाताण तिथं पण आहे, फक्त काम म्हणून बघितलं तर रचना अशी आहे.

कुपवाड एमआयडीसीत एकाच पार्टला दिवसभर ड्रिल मारणाऱ्याला यातलं एकही मिळत नाही. तो पार्ट कुठल्या पंपात बसतो हे सुद्धा कित्येकांना माहीत नसतं. आणि हे दाखवायला फार खर्च येत नाही! ॲडम ग्रँट यांनी २००७ मधे एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या लोकांना, ज्याला त्या पैशातून स्कॉलरशिप मिळाली अशा एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं बोलायला लावलं. महिन्याभरानं त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमा केलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. पगार तेवढाच. मिरजेत एवढी हॉस्पिटलं, तिथं तळघरातल्या लॅबमधे रक्ताच्या नळ्या हाताळणाऱ्या किती जणांना पेशंट बरा होऊन घरी गेल्याचं कधी कुणी सांगतं कुणास ठाऊक.

स्वतःच्या हातात काय असतं, तर थोडं असतं. हॉस्पिटलच्या सफाई कामगारांचा एक अभ्यास एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मधे मांडला. काम एकच, पण काही जण फक्त फरशी पुसत होते, आणि काही जण नातेवाइकांना वाट दाखवत होते, पेशंटशी दोन शब्द बोलत होते, आणि आपण पेशंटला बरं करणाऱ्यांपैकी एक आहोत असं समजत होते. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच कामाच्या कडा थोड्या हलवल्या होत्या. हे वाचून कुठला साहेब "बघा, दृष्टिकोन बदला" म्हणून पगारवाढ टाळणार असेल तर मात्र चुकीचं आहे ते.

दुसरं, घरी जाताना अर्धवट काम डोक्यात घुमत राहतं त्यावर एक सोपा उपाय तपासलेला आहे. २०११ मधे मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना दिसलं की काम पूर्ण करायची गरजच नाही, ते कधी आणि कसं करणार एवढं नेमकं ठरवलं तरी मनातली टोचणी बंद होते. म्हणून निघायच्या आधी कागदावर लिहायचं, "उद्या साडेदहाला तासगावच्या बेदाणेवाल्यांचं बिल, आधी त्यांना फोन". नुसतं "बिल बाकी" लिहून भागत नाही.

आणि हे सगळं करूनही महिनोन्महिने गळून गेल्यासारखं, कामाची चीड आणि आपल्याला काहीच जमत नाही असं वाटत असेल तर ते नुसता वैताग म्हणून सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात बर्नआउटची हीच तीन लक्षणं दिलीत, आणि ती कामाच्या जागच्या न सुटलेल्या ताणातून येतात असं स्पष्ट म्हटलंय. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

राहता राहिले साहेब लोक. त्यांची भीती अशी असते की माणसांना मोकळीक दिली तर ती तिचा गैरफायदा घेणार. त्यांच्यासाठी ग्लास आणि सिंगर यांचा १९७२ मधे छापलेला प्रयोग आहे. लोकांना १०८ डेसिबलचा गोंगाट ऐकवला, त्यात स्पॅनिश बोलणारी माणसं, आर्मेनियन बोलणारा एक, टाइपरायटर, कॅल्क्युलेटर, छपाईचं मशीन, सगळं एकावर एक. गोंगाट थांबल्यावर त्यांना कोडी दिली, ज्यातली काही सुटणारीच नव्हती. कधीही अचानक सुरू होणारा आवाज ऐकलेले लोक लवकर नाद सोडून द्यायचे आणि प्रूफ तपासताना चुका पण जास्त करायचे. दुसऱ्या एका गटाला तोच आवाज, पण हाताशी एक बटण, फारच असह्य झालं तर दाबा, शक्यतो दाबू नका. हे लोक कोड्यांना कितीतरी जास्त वेळ चिकटून राहिले, चुकाही कमी. आणि बटण जवळजवळ कुणीच दाबलं नव्हतं. एमआयडीसीत शिफ्ट आपापसात बदलायची मुभा, किंवा जेवायची सुट्टी अर्धा तास पुढंमागं घ्यायची मुभा, एवढं बटण देऊन बघायला काही मशीन थांबत नाही.